चेष्टा

खुशीला शाळेत हिंदीच्या बाईंनी शब्दांचा वाक्यात उपयोग करून आणायला सांगितलं होतं, आणि नाश्त्याच्या टेबलाशी पाय हलवत ती मोठमोठ्यानं घोकत होती, "चेष्टा. राम ने पेड़ पर चढ़ने की चेष्टा की." समोर मेथी निवडत बसलेल्या तिच्या आजीला, इंदिराबाईंना, हसू आवरेना. "अगं, झाडाची कसली चेष्टा करायची? झाडाला काय कळतं बिचार्‍याला?" खुशीनं कपाळाला हात लावला. बाप व्यासांचा, हिंदी बोलणारा, शाळाही हिंदी, त्यामुळे मराठी तिला आजीपुरतीच येत होती. "नानी, चेष्टा मतलब कोशिश. मजाक नहीं." "आमच्यात मजाकच," इंदिराबाई म्हणाल्या आणि मेथीची जुडी सोडायला लागल्या. खुशीच्या आईनं, यामिनीनं, चहात बुडवलेला टोस्ट मोडून कपात पडला, तळाशी गेला, आणि ती कपात बघत राहिली. आमच्यात मजाकच. परवा विद्यापीठाच्या समितीसमोर उभा राहिलेला तो मुलगा, गजानन शिरसाट, काय म्हणाला होता? "सर, आग नहीं लगाई. मैंने तो सिर्फ चेष्टा की थी." डीन सक्सेनांनी चष्मा काढून विचारलं होतं, "चेष्टा की थी, ये मानते हो?" आणि त्यानं मान खाली घालून म्हटलं होतं, "हाँ सर. गलती हो गई. माफी माँगता हूँ." अरे देवा, यामिनीला वाटलं, तो मराठीत बोलत होता.

आज साडेअकराला समितीची शेवटची बैठक होती. निर्णय परवाच ठरला होता, फक्त टाइप होऊन सह्यांसाठी यायचा होता. आग लगाने की चेष्टा स्वयं स्वीकार की. तीन वर्षं निष्कासन. तीन वर्षं म्हणजे मुलगा संपलाच. पीथमपूरच्या कारखानदारांना कॅम्पसवर बोलावून पोरांना नोकरीला चिकटवून देणारा त्याचा कोर्स, सेल्फ फायनान्सचा, सरकारनं दारं उघडल्यापासून विद्यापीठात असे कोर्स भराभर उगवत होते. या कोर्सचे सर्वेसर्वा डॉ. त्रिवेदी. कंप्यूटर लॅब त्यांची, एसी त्यांचा, दाराबाहेर चपला काढायचा नियम त्यांचा. लॅबच्या खिडकीचा पडदा पेटवल्याची तक्रारही त्यांचीच आणि समितीतली मधली खुर्चीही त्यांचीच. फिर्यादी आणि न्यायाधीश एकच. विद्यापीठात हे चालून जातं, तिथे न चालण्यासारखं फारसं काही नसतं. दुसरे सक्सेना, ज्यांना निवृत्तीपर्यंत कुणाशी वाकडं घ्यायचं नव्हतं. तिसरी यामिनी, अर्थशास्त्राची लेक्चरर, कारण नियमात एक महिला लिहिलेली होती. पुढच्या महिन्यात तिचा बढतीचा, रीडरच्या जागेसाठी, इंटरव्ह्यू होता आणि निवड समितीत त्रिवेदी होते. याची तिला कुणी आठवण करून दिलेली नव्हती. अशा गोष्टींची आठवण करून द्यावी लागत नाही.

ती कपडे बदलायला आत गेली आणि साडीच्या निर्‍या हातात धरून तशीच उभी राहिली. तो मुलगा दारातून आत आला तेव्हाच तिला कसंतरी झालं होतं. चेहर्‍यामुळे नाही, चेहरा साधा, चारचौघांसारखा. आवाजामुळे. एवढ्याशा खोलीत तो असा बोलायला लागला की पलीकडच्या बाबूनं टाइप थांबवून वर पाहिलं. सक्सेना म्हणाले होते, "धीरे बोलो भई, ये मिल नहीं है." आणि त्रिवेदी हसले होते. त्यांच्यापाठोपाठ आपणही हसलो होतो का? ओठ हलले होते, एवढं तिला नक्की आठवत होतं. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. परदेशीपुर्‍यातल्या दोन खोल्यांत तिचे वडील, रामभाऊ, मीठ मागायचे तेसुद्धा असंच, चाळीला ऐकू जाईल असं. मिलच्या साळखात्यात, शेकडो मागांच्या खडखडाटात जन्म घालवलेला माणूस. त्याला हळू म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. आणि मोठ्यानं बोलायचं नसलं की तो आवाजाशिवाय बोलायचा. मागांच्या गदारोळात सगळे तसंच बोलत, नुसते ओठ हलवून, आणि समोरचा ओठ वाचून उत्तर देई. जेवताना बाबा आणि आई एकमेकांशी असेच बोलायचे, शब्द न उच्चारता. लहानपणी यामिनीला वाटे, सगळ्यांच्या घरी रात्री आवाज बंद करून ठेवतात. पुढे कॉलेजात गेल्यावर तिला कळलं की आपलं बोलणं मोठं आहे, आपली मराठी वेडीवाकडी आहे आणि आपली हिंदी बरीच बरी आहे. मग तिनं हिंदी धरली. ती इतकी छान बोलायला लागली की लग्नानंतर व्यास आडनाव तिला असं बसलं, जसं मापाचं ब्लाउज. त्रिवेदी लॅबबाहेर चपला काढायला लावतात, तशी ती विद्यापीठाच्या दारात मराठी काढून ठेवायची. त्यामुळे परवा त्या मुलाच्या तोंडून चेष्टा हा शब्द निघाला आणि तिनं तो हिंदीतच ऐकला. तिला मराठी येत नसती तरी चाललं असतं, इतक्या सफाईनं ऐकला. उलट सक्सेनांनी बाबूला वाक्य लिहून घ्यायला सांगताना मान हलवली होती, "लड़के की हिंदी शुद्ध है."

"पदर नीट घे, लोंबतोय," आई दारात उभी होती. "आणि हे गं काय तोंड? बरं नाही का?"

"आई, एखाद्याची नक्कल केली तर आपण काय म्हणतो?"

"चेष्टा केली म्हणतो. काय म्हणणार?"

"आणि काडी पेटवून?"

इंदिराबाईंनी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

लूना चालू करून ती रामबागेतून निघाली. कृष्णपुर्‍याच्या पुलावर नेहमीप्रमाणे खोळंबा, नदीचा वास, समाधीच्या छत्र्यांच्या पायर्‍यांवर ऊन खात पडलेली कुत्री. तिथून तिला विद्यापीठाकडे, उजवीकडे वळायचं होतं. ती वळली नाही. का वळली नाही हे तिला नंतरही सांगता आलं नसतं. डोक्यात सारखं एकच चाललं होतं: लॅबमधल्या दुसर्‍या मुलानं, साक्षीदारानं, काय सांगितलं होतं? "सर, वो माचिस की तीली कंप्यूटर के सामने गोल-गोल घुमा रहा था." गोल-गोल. फीवाढीच्या मोर्चाच्या दुसर्‍याच दिवशीची गोष्ट, त्यामुळे समितीनं त्या गोल-गोलचा अर्थ लावला होता की पडदा पेटवायला जागा शोधत होता. पडद्याला रुपयाएवढं भोकही पडलं होतं. पण कंप्यूटरसमोर गोल-गोल काय फिरवतात? दसर्‍याला त्रिवेदींनी लॅबमध्ये सगळ्या स्टाफला बोलावून पहिल्या कंप्यूटरला कुंकू लावलं होतं, नारळ वाढवला होता, आणि डोळे मिटून, गळा काढून, मान डोलवत आरती केली होती. यामिनीही टाळ्या वाजवत उभी होती. हसू दाबायला तिनं पदर तोंडाशी धरला होता. आता ती लूनावर बसल्या बसल्या, रिक्षावाल्यांच्या भोंग्यांत, एकटीच मोठ्यानं म्हणाली, "आरती करत होता रे तो." आणि लगेच तिला कळलं की तो गप्प का राहिला. समोर त्रिवेदी सर बसले होते. सरांच्या तोंडावर सरांची चेष्टा केली म्हणणार कसा? त्यानं फक्त चेष्टा म्हटलं आणि कुणाची ते गिळून टाकलं. पोरानं मास्तरांचा मान राखला आणि त्या मानानंच त्याचा गळा आवळला.

लूना थांबली ती बाबांच्या मिलच्या फाटकासमोर. मिल बंद होऊन वर्ष उलटलं होतं. यामिनी इकडे फिरकली नव्हती; बाबा जाऊन तर कितीतरी वर्षं झाली होती, यायचं कारणही नव्हतं. फाटकाला साखळी, आतल्या आवारात गुडघाभर गवत, आणि बाहेर फुटपाथवर ताडपत्रीच्या मांडवात धरण्याला बसलेली माणसं. लहान असताना या रस्त्यावर उभं राहिलं की चपलेतून तळव्यांना जमीन थरथरताना लागायची. आताही लागली. तिनं पाय उचलला, पुन्हा टेकवला. लागत होती. आत एकही माग चालू नव्हता, वीजच तोडलेली होती, आणि जमीन हलत होती. तिनं लूनाचं इंजिन बंद केलं तरी ती थरथर थांबली नाही. मांडवात कुणी पत्ते पिसत होतं, कुणी झोपलं होतं. एक म्हातारा मात्र रस्त्यापलीकडून तिच्याकडेच टक लावून बघत होता. त्याचे ओठ हलले. आवाज नव्हता; मधून टेंपो गेले, ट्रक गेला, आवाज असता तरी ऐकू आला नसता. यामिनीनं वाचलं. रामभाऊची ना तू? इतक्या वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. तिला पळून जावंसं वाटलं. तिचे ओठ मात्र आपोआप हलले, हो. म्हातार्‍यानं समाधानानं मान हलवली आणि ओठांनी विचारलं, कुठे असतेस? आता या प्रश्नाचं उत्तर त्या भाषेत कसं देणार? विद्यापीठात असते काका, अनुशासन समितीवर असते, आपल्यातल्याच एका पोराला बाहेर काढतेय. तिनं हात हलवला आणि लूनाला किक मारली. लूना तिसर्‍या खेपेला चालू झाली.

ती पोचली तेव्हा कॉरिडॉरमध्ये, समितीच्या दाराबाहेर, गजानन भिंतीला टेकून उभा होता. शेजारी खाकी शर्टातला एक माणूस, सांवेर रोडच्या कुठल्यातरी गोदामाचा बिल्ला छातीवर. बाप असणार. मिल बंद पडल्यावर पुष्कळ जण तिकडे पहारेकरी झाले होते. बापानं तिला बघून नमस्कार केला, "नमस्ते मॅडमजी." तिनं मान हलवली आणि आत गेली. आत गेल्यावर वाटलं, निदान नाव तरी विचारायचं होतं. टेबलावर टाइप केलेला कागद, तीन सह्यांच्या तीन रेघा, दोन भरलेल्या. त्रिवेदींनी पेन पुढे केलं. "आइए मैडम, बस आपकी कमी थी."

तिनं पेन हातात घेतलं. टेबलाखाली पाय टेकलेले होते आणि जमीन अजून हलत होती. इंटरव्ह्यू पुढच्या महिन्यात, खुशीची फी, नवर्‍याची बँकेतली बदली, सगळं एकाच वेळी डोक्यात आलं. भीती वाटत होती, साधी, शाळकरी पोरीला वाटते तशी. सही करून टाकावी आणि खाली कँटीनला जाऊन चहा प्यावा, एवढंच तर करायचं होतं. "सर," ती म्हणाली, आणि तिचा आवाज नको इतका मोठा निघाला, "उस लड़के ने चेष्टा मराठी में कहा था. मराठी में चेष्टा मतलब मजाक. उसने आग लगाने की कोशिश नहीं मानी है. उसने कहा, मैंने तो सिर्फ मजाक किया था."

सक्सेनांनी चष्मा काढला. "मतलब?"

"मतलब हमने जो लिखा है वो उसने कहा ही नहीं."

"मैडम," त्रिवेदी शांतपणे म्हणाले, "माचिस जली है. परदा जला है. मजाक किसका? परदे का?"

"लड़के को बुला लीजिए," ती म्हणाली.

गजानन आत आला. या खेपेला तो हळू बोलायचं ठरवून आला होता. हात मागे बांधलेले, खांदे आत ओढलेले. यामिनीनं त्याच्याकडे बघितलं आणि या इमारतीत आजवर न केलेली गोष्ट केली. "गजानन, तू चेष्टा केलीस म्हणालास. कुणाची केलीस?"

मुलगा दचकला. त्यानं आधी तिच्याकडे, मग सक्सेनांकडे, मग ओझरतं त्रिवेदींकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली. "किसी की नहीं मैडम."

"मला मराठीत सांग. घाबरू नको."

"कुणाची नाही."

"काडी गोल का फिरवत होतास?"

त्यानं मान आणखी खाली घातली. कानाची पाळी लालभडक झाली होती. तो सांगणार नव्हता. तीन वर्षं गेली तरी हा पोरगा आपल्या सरांच्या तोंडावर ते सांगणार नव्हता. म्हणजे सांगायचं कुणी? यामिनीच्या लक्षात आलं की आतापर्यंत तिनं केलं ते सोपं होतं, शब्दाचा अर्थ सांगणं. तेवढ्यावर सुटता आलं असतं तर किती बरं झालं असतं. ती त्रिवेदींकडे वळली. "सर, ये आपकी नकल कर रहा था. दशहरे पर आपने कंप्यूटर की आरती की थी ना, वो. तीली से आरती उतार रहा था. लड़के हँस रहे थे, एसी की हवा से परदा उड़कर आ गया होगा. बस इतना ही हुआ."

मग सक्सेनांच्या नाकातून एक आवाज आला. त्यांनी तो खोकल्यात वळवायचा प्रयत्न केला, पण खांदे हलायला लागले, आणि चष्मा पुसायचं निमित्त करून त्यांनी तोंड फिरवलं. बाबू टाइपरायटरमागे अदृश्य झाला. त्रिवेदी हसले नाहीत. यामिनीला वाटलं होतं ते चिडतील, टेबलावर हात आपटतील. त्यांचा चेहरा नुसता मिटला, डोळे मिटून आरती म्हणताना मिटला होता तसाच, आणि एवढ्या मोठ्या माणसाला खरंच लागलंय हे बघून तिला त्यांची कीवही आली. "सच है?" त्यांनी मुलाला विचारलं. मुलगा म्हणाला, "जी सर. माफी, सर." आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, इतका वेळ आलं नव्हतं ते.

पुढचं सक्सेनांनी झटपट उरकलं. खोकला आवरून त्यांनी कागद उभा फाडला, निष्कासन वगैरे काही नाही, सरांना लेखी माफीनामा दे, लॅबला नवीन पडदा दे, जा. फाडलेल्या कागदाबरोबर मुलाची तीन वर्षं परत आली. यामिनीला एकदम हलकं वाटलं, रडू येईल इतकं. पायाखालची थरथर कधी थांबली हे तिला कळलंही नाही. तेवढ्यात त्रिवेदी बोलले, कागद गोळा करता करता, तिच्याकडे न बघता. "अच्छा किया मैडम. एक ही बात समझ में नहीं आई. आप तो खुद मराठी हैं. परसों भी यहीं बैठी थीं. ये परसों क्यों नहीं बताया?" रीडरच्या जागेचं उत्तर त्या आवाजातच मिळालं होतं, पण तिचं लक्ष तिकडे नव्हतं. तिचं लक्ष गजाननकडे होतं. दाराच्या कडीवर हात ठेवलेला तो मागे वळून तिच्याकडे बघत होता. आताच डोळे पुसलेलं ते तोंड हळूहळू वेगळं व्हायला लागलं. "मेरा ध्यान नहीं था," ती त्रिवेदींना म्हणाली. हे खरं होतं, आणि तोंडातून बाहेर पडल्यावर ते किती पोकळ वाटलं.

ती बाहेर आली तेव्हा बाप मुलाच्या दोन्ही खांद्यांना धरून उभा होता आणि सबंध कॉरिडॉरला ऐकू जाईल असं विचारत होता, "सोडलं ना? पूर्ण सोडलं?" मुलगा हो हो म्हणत होता. बापानं तिला पाहिलं आणि लगबगीनं पुढे आला. खाली वाकायला लागला, तिनं अडवलं. "मैं मालोजी शिरसाट, मॅडमजी. इसका बाप. आपने हमारे बच्चे के लिए बोला, बहुत उपकार हुए. हमारी हिंदी ऐसीच है, समझ लेना." हिंदी खरोखरच मोडकी होती, एकेक शब्द शोधून आणलेली, आणि तो ती तिच्यासाठी, केवळ तिच्यासाठी, घाम गाळून बोलत होता. मॅडमना कळावं म्हणून. यामिनीला म्हणायचं होतं, अहो, मराठीत बोला, मी मिलमधल्या रामभाऊ जॉबरची मुलगी. ते वाक्य अगदी ओठांशी आलं होतं.

"बाबा, यांना मराठी येतं," गजानन मागून म्हणाला.

"येतं?" मालोजींचा चेहरा फुलला. "अरे, मग आधी सांगायचं नाही का! मी आपला उगाच..."

"मला तरी कुठे माहीत होतं," मुलगा म्हणाला. आता तो हळू बोलत होता, त्या खोलीत शिकवलं होतं तितकं हळू, आणि बोलताना बापाकडे बघत नव्हता. "परवापण येत होतं त्यांना."